दमगिरी : उंचावरची विरळ हवा आणि आपण सखल भागातील माणसे

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी मी हा विषय सुचविला तेव्हा चिटणीससाहेबांनी हसून विचारले, "डॉक्टरसाहेब, आपले ठाणे-कल्याण खाडीच्या काठावर वसलेले. इथल्या माणसाला डोंगराच्या आजाराशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त होता, आणि माझे आजचे सगळे म्हणणे त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. आपण खाडीच्या काठावर राहतो, म्हणूनच हा विषय आपला आहे.

कल्याणहून हाजी मलंगच्या दर्ग्याला आपल्यापैकी बहुतेकजण गेले असतील. पायऱ्या चढताना धाप लागते, छाती भरून येते. पुष्कळांना वाटते की ही उंचावरच्या हवेची करामत. वस्तुतः तसे नाही. मलंगगडाचा माथा हजार मीटरांपर्यंतही पोहोचत नाही. तेथे लागणारी धाप ही आपल्या बैठ्या जीवनाची आणि वाढलेल्या पोटाची धाप होय. आपल्या राज्यातील सर्वात उंच जागा म्हणजे कळसूबाईचे शिखर, उंची १,६४६ मीटर, सुमारे ५,४०० फूट. ज्या विकाराविषयी मी बोलणार आहे, तो साधारणतः २,५०० मीटरच्या, म्हणजे सुमारे आठ हजार फुटांच्या वर सुरू होतो. याचा अर्थ असा की अख्ख्या महाराष्ट्रात हा आजार होईल अशी एकही जागा नाही.

हिवताप कसा ओळखावा, ऊन लागले तर काय करावे, विंचू चावला तर कोणाकडे धाव घ्यावी, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. परंतु विरळ हवेने माणूस आजारी पडतो आणि दोन दिवसांत दगावूही शकतो, हे ज्ञान आपल्या कोणत्याही आजीच्या बटव्यात नाही. मराठीत या विकाराला रोजच्या बोलण्यातला शब्दसुद्धा नाही. आणि आज तर ठाण्याचा माणूस मुंबईच्या विमानतळावर विमानात बसतो आणि काही तासांत लेहला उतरतो. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. ही उंची कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट झाली.

मराठीत शब्द नाही, परंतु फारसीत आहे. तो शब्द आहे 'दमगिरी'. दम म्हणजे श्वास; श्वासाची पकड, ती दमगिरी. हा शब्द नोंदवून ठेवणाऱ्या गृहस्थाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच भेटतो. मिर्झा मुहम्मद हैदर दुघलत हे त्याचे नाव. बाबर बादशहाचा हा मावसभाऊ. काशगर-यारकंदचा सुलतान सैद खान याच्या पदरी तो सरदार होता. १५३२ साली या सुलतानाबरोबर तो लडाखच्या स्वारीवर निघाला. पुढे त्याने काश्मीरवर काही वर्षे राज्य केले आणि तेथेच 'तारीख-ए-रशीदी' हा ग्रंथ फारसीत लिहिला. तिबेट-लडाखच्या वर्णनात त्याने या दमगिरीची जी लक्षणे दिली आहेत, ती वाचून माझ्यासारख्या डॉक्टरानेही थक्क व्हावे.

तो म्हणतो, पाठीवर ओझे घेऊन चढण धावत चढावी तशी धाप बसल्या जागी लागते. झोप येत नाही. आणि डोळा लागलाच तर छाती दडपून माणूस दचकून जागा होतो. विकार वाढला की रोगी असंबद्ध बोलू लागतो, कधी वाचाच जाते, हातापायांना सूज येते, आणि कित्येकदा तो फार लवकर मरतो. त्याने आणखी दोन गोष्टी टिपल्या आहेत. हा विकार फक्त परक्या माणसाला होतो, तिथल्या रहिवाशांना तो माहीतही नाही, ही पहिली. आणि तो केवळ माणसाला नव्हे, तर श्वास घेणाऱ्या प्रत्येक प्राण्याला, घोड्यांनाही जडतो, ही दुसरी. १५३३ साली परतीच्या वाटेवर खुद्द सुलतान सैद खानाचा याच विकाराने अंत झाला. आज आपल्या सैन्याचे जे दौलत बेग ओल्डी नावाचे ठाणे वर्तमानपत्रांतून आपण वाचतो, त्या तुर्की नावाचा अर्थ 'जेथे थोर श्रीमंत पुरुष मेला ती जागा' असा आहे, आणि परंपरेने ते नाव याच सुलतानाच्या मृत्यूशी जोडले जाते. होजे दे अकोस्ता या स्पॅनिश धर्मगुरूने दक्षिण अमेरिकेतील पर्वतावरच्या या आजाराचे वर्णन १५९० साली छापले, आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या इतिहासात पहिला मान बहुधा त्यालाच दिला जातो. मिर्झा हैदरने त्याच्या चाळीसएक वर्षे अगोदर लिहून ठेवले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावे. अर्थात, त्याला कारण माहीत नव्हते. ते कळण्यासाठी अजून तीन शतके जायची होती.

आता हे कारण पाहू. उंचावर 'ऑक्सिजन कमी असतो' असे आपण म्हणतो, पण हे वाक्य अर्धेच खरे आहे. डोंबिवलीच्या फलाटावर असो वा एव्हरेस्टच्या टोकावर, हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, शंभरात सुमारे एकवीस भाग. बदलतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावर हवेचा जो मैलोगणती उंच ढीग आहे, त्याच्या वजनाने खालची हवा दाबून घट्ट झालेली असते. उंच जावे तसा तो ढीग कमी होतो, हवा सैल होते आणि एका श्वासात प्राणवायूचे कण कमी येतात. लेह गावात हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, साडेपाच हजार मीटरवर निम्मा, आणि एव्हरेस्टवर एक-तृतीयांश. सकाळच्या ८.१२ च्या लोकलमध्ये आपला जीव गुदमरतो. तेथे माणसे जास्त असतात, हवेचा दाब मात्र पुरेपूर असतो. लेहच्या मोकळ्या, निळ्याभोर आकाशाखाली याच्या नेमके उलट असते. तेथे हवा इतकी स्वच्छ वाटते की कशाची कमतरता आहे याची शंकाही येत नाही.

ही शंका न येणे फार घातक असते. १८७५ साली फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तीन संशोधक आठ हजार मीटरच्या वर गेले. त्यांच्याजवळ प्राणवायूच्या पिशव्या होत्या. पण गरज पडली तेव्हा नळी तोंडापर्यंत नेण्याइतकी ताकद हातांत उरली नव्हती. दोघे मेले, तिसरा, गॅस्तों तिसांदिए, वाचला. त्याने लिहिले आहे की त्या वेळी त्रास तर सोडाच, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता. मेंदूला प्राणवायू कमी पडला की प्रथम जाते ती आपले कमी पडते आहे हे ओळखण्याची बुद्धी. याच संशोधकांचे मार्गदर्शक पॉल बेर यांनी १८७८ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की दोष हवेच्या दाबाचा, म्हणजेच प्राणवायूच्या तुटवड्याचा आहे.

आपले शरीर या तुटवड्याला तोंड कसे देते? पहिल्या काही तासांतच श्वास भरभर चालू लागतो, नाडी वाढते. भरभर श्वासाने कर्बवायू जास्त बाहेर जातो आणि रक्ताचे रासायनिक संतुलन ढळते. मग मेंदू श्वास मंदावण्याचा हुकूम देतो आणि प्राणवायू कमी झाला की पुन्हा वाढविण्याचा. या ओढाताणीत झोपेत श्वास काही क्षण थांबतो आणि माणूस दचकून उठतो. मिर्झा हैदरची माणसे दचकून जागी होत होती ती याचमुळे. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे क्षार बाहेर टाकून हा हिशेब जुळवून आणतात. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्यास मात्र आठवडे लागतात. शरीरातील पेशींना प्राणवायूची टंचाई कळते कशी, हे उकलणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि तिथले रहिवासी आजारी का पडत नाहीत, या मिर्झाच्या कोड्याचा एक धागा तिबेटी लोकांच्या जनुकांत सापडला आहे. हजारो वर्षांच्या वास्तव्याने त्यांच्या वंशात जे उतरले, ते आपल्याला सहा दिवसांच्या सहलीत मिळणार नाही.

२०२० आणि २०२१ च्या करोना साथीत आपल्या घरोघरी बोटाला लावायचे ते छोटे यंत्र आले. ९४ च्या खाली आकडा गेला की घरात रडारड सुरू व्हायची. तेच यंत्र घेऊन लेहला उतरल्यावर धडधाकट माणसाचाही आकडा पहिल्या दिवशी ८५ ते ९० च्या आसपास दिसू शकतो. त्याने घाबरू नये, पण त्यावर निश्चिंतही राहू नये. तेथे यंत्रापेक्षा माणसाकडे पाहावे : जेवतो आहे का, सरळ चालतो आहे का, काल चढला तेवढेच आज चढताना जास्त दमतो आहे का?

कारण या विकाराची तीन रूपे आहेत. पहिले सौम्य : डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे. विश्रांतीने दोन दिवसांत ते उतरते. दुसरे फुप्फुसाचे. विरळ हवेत फुप्फुसातील रक्तवाहिन्या आखडतात, तेथील दाब वाढतो आणि रक्तातील पाणी झिरपून फुप्फुसात भरू लागते. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो म्हणा ना. हे बहुधा पोहोचल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रात्री उमटते. कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, ओठ निळसर, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी. तिसरे मेंदूचे : मेंदूला सूज येते, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो, भलतेच बोलतो. एका रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगावे. जमले नाही तर वेळ घालवू नये. दुसऱ्या व तिसऱ्या रूपावर एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे खाली उतरणे. प्राणवायू आणि औषधे द्यावीतच. पण ती उतरण्याची सोय होईपर्यंत वेळ मिळवून देतात, एवढेच. रात्र आहे, सकाळी पाहू, असे म्हणणे या आजारात फार महागात पडते.

फुप्फुसाच्या या रूपाला पूर्वी न्यूमोनिया समजत. गंमत पाहा, या ज्ञानात भारताचा वाटा मोठा आहे आणि तो रक्ताने मोजलेला आहे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात मैदानी प्रदेशातील जवान विमानांनी थेट लडाखला नेण्यात आले. शत्रूची गोळी न लागता तरुण, निरोगी जवान फुप्फुसात पाणी भरून आजारी पडले आणि मेले. आपल्या लष्करी डॉक्टरांनी ते सारे बारकाईने नोंदवले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली अमेरिकेच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा हवाला देतात. त्यातूनच लष्कराची शिस्त तयार झाली : नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, त्यापुढे पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, आणि त्याहून वर आणखी चार दिवस, पहिले दोन दिवस तर केवळ विश्रांती. १९८४ पासून सियाचीनवर आपले जवान उभे आहेत, त्यांत मराठी मुलुखातील कितीतरी मुले आहेत. १९९८ साली एव्हरेस्टवर पोहोचणारे पहिले महाराष्ट्रीय सुरेंद्र चव्हाण, त्यांच्यासारखे गिर्यारोहकही आठवडेच्या आठवडे खाली-वर करून शरीर तयार करतात आणि मगच माथ्याकडे निघतात.

आता या शिस्तीशेजारी आपली सहल ठेवून पाहा. गेल्या उन्हाळ्यात डोंबिवलीचे एक कुटुंब माझ्याकडे आले. आजोबा, आई-वडील, दोन मुले. "लडाखला निघालो आहोत, सोबत कोणत्या गोळ्या घेऊ?" मी म्हटले, गोळ्यांचे नंतर पाहू, आधी कार्यक्रमपत्रिका दाखवा. पहिल्या दिवशी विमानाने लेह आणि दुपारी बाजारहाट. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला. तिसऱ्या दिवशी पँगाँग सरोवर आणि तेथेच तंबूत मुक्काम. जवानाला जेथे सहा दिवसांनंतर जाऊ देतात, तेथे आजोबा तिसऱ्या रात्री झोपणार! खारदुंग लावर १८,३८० फुटांची पाटी वर्षानुवर्षे छायाचित्रांत झळकली. खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे अठरा हजारांना थोडी कमी भरते. पण भीती त्या खिंडीची फारशी नाही. तेथे पंधरा मिनिटे थांबून माणूस खाली येतो. भीती पँगाँगच्या मुक्कामाची. ते सरोवर ४,२०० मीटरच्या वर आहे, आणि या आजारात आपण चढलो किती यापेक्षा झोपलो किती उंचीवर हे जास्त महत्त्वाचे असते. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांत एक दिवस वर सरकूच नये, असा जगन्मान्य नियम आहे.

मी त्यांना एवढेच सुचवले की विमानाचे पैसे भरले असतील तर पहिले दोन दिवस लेहमध्ये निव्वळ आराम करा आणि पँगाँग शेवटी ठेवा. तिकिटे काढली नसतील तर श्रीनगरहून रस्त्याने जा. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल सुमारे २,७०० मीटर, मग लेह. वाटेत एकेक मुक्काम केला की शरीराला आपोआप जिना मिळतो. मनालीचा रस्ता देखणा खरा, पण त्यात सरचूचा मुक्काम सव्वाचार हजार मीटरच्या वर येतो. नवख्याने तो जाताना टाळावा, येताना घ्यावा. गोळीचे म्हणाल तर अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचे औषध मूत्रपिंडांचे ते दोन-तीन दिवसांचे काम लवकर करून देते, आणि त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने, गरोदर स्त्रीने किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याने ते मनाने घेऊ नये. गळ्यात कापराची पुडी बांधून वरचेवर हुंगण्याची पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातील प्राणवायू वाढत नाही. आणि त्या हातातल्या प्राणवायूच्या छोट्या डब्या काही मिनिटांत संपतात.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याशी थोडे बोलतो. तुमच्यातले काहीजण छात्रसेनेत आहेत, काही मे महिन्यात सार पासच्या पदभ्रमणाला जाण्याची तयारी करीत असतील. ती खिंड चार हजार मीटरच्या वर आहे. तुमची समजूत अशी असेल की हा आजार म्हाताऱ्यांचा किंवा अशक्तांचा. ती साफ चुकीची आहे. तालमीत कमावलेले शरीर या आजारापासून वाचवीत नाही. उलट दमदार तरुण भराभर चढतो, पाठीवर जास्त ओझे घेतो आणि डोके दुखत असले तरी मित्रांसमोर बोलत नाही. म्हातारा निदान कुरकुर तरी करतो! तुकडीतला एखादा मुलगा रात्री जेवला नाही, मागे पडू लागला, चिडचिडा झाला, तर त्याची थट्टा करू नका. त्याला एकटा खाली पाठवूही नका. कोणीतरी सोबत उतरलेच पाहिजे. आणि पालकांनो, "पैसे भरले आहेत, पूर्ण करूनच ये" हे वाक्य आपल्या मुलाला फोनवर कृपा करून ऐकवू नका.

अमरनाथ यात्रेला आपल्या भागातून दरवर्षी असंख्य हिंदू बांधव जातात. त्यांतील पुष्कळांना पहलगामचे मुसलमान घोडेवाले आणि पिठ्ठूवाले वर नेतात. गुहा ३,८८८ मीटरवर आहे आणि पहलगामच्या बाजूने जाताना त्याहून उंच महागुणस खिंड ओलांडावी लागते. तेथे आता वैद्यकीय दाखला सक्तीचा आहे. दाखल्यासाठी माणसे येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, फक्त सही हवी." ही सही मागू नये आणि देऊही नये. अस्थिर हृदयविकार, फुप्फुसांचा जुना आजार, प्राणवायूचा आकडा घरीच कमी असणे, अशांनी उंच जाण्याआधी खरी तपासणी करून घ्यावी. सिकलसेलच्या रोग्याने तर जपावेच. पण ज्याच्यात त्या दोषाचा फक्त अर्धा अंश आहे, आणि म्हणून जो आयुष्यभर ठणठणीत राहिला, त्याच्याही प्लीहेला उंचावर इजा होऊ शकते. आपल्या ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत आणि विदर्भात हा दोष आढळतो. तिकडच्या मुलांना उंच पदभ्रमणाला नेणाऱ्या शिक्षकांनी आधी रक्ततपासणीचा कागद पाहावा.

रमजानमध्ये लडाखला जाण्याचा योग आला तर? मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीयतने दिलेलीच आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत श्वासावाटे आणि लघवीवाटे शरीरातील पाणी जास्त जाते, कोरडी हवा त्यात भर घालते. रोजे नंतर भरून काढावेत, आणि मसल्याविषयी शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या मौलानांना विचारावे. कारगिल-लडाखचे मुसलमान रोजे धरतातच. पण ते तेथे जन्मले आहेत.

हज आणि उमऱ्याला जाणारे वडीलधारे मला हमखास विचारतात, तिकडे हवा कशी? मक्का जेमतेम तीनशे मीटरच्या आत आहे. तेथे भीती उन्हाची, विरळ हवेची नव्हे. उंचीचा संबंध येतो तो विमानात. विमान पस्तीस हजार फुटांवर उडते आणि आतील हवेचा दाब यंत्राने सांभाळतात. तरी तो समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत. साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तितकाच ठेवतात. म्हणजे मुंबईहून जिद्द्याला जाणारा प्रत्येक हाजी आणि आखातात नोकरीला जाणारा आमचा प्रत्येक मुंब्रा-कौशाचा तरुण, काही तास कळसूबाईपेक्षा उंच जागी बसून प्रवास करतो. निरोगी माणसाला याचा काही त्रास होत नाही. परंतु ज्यांना दम्याचा किंवा फुप्फुसांचा जुना विकार आहे, चार पावले चालताच धाप लागते, अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा रक्त फार कमी आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. विमानात प्राणवायूची सोय हवी असेल तर कंपनीला काही दिवस आधी कागदपत्रांसह कळवावे लागते. विमानतळावर ऐनवेळी सांगून ती मिळत नाही.